नोंदवहीतला भाव

माझ्या मामांनी मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकले, तेव्हा मी त्यांच्यासोबत आदिलाबादला रजिस्ट्रीला गेलो होतो. कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून बसलेल्या डॉक्युमेंट रायटरने सर्व्हे नंबर लिहिला, चतुःसीमा लिहिल्या, पूर्वेला नाला, पश्चिमेला भावकीची पट्टा जमीन, आणि किमतीच्या रकान्यापाशी पेन उचलून विचारलं, ‘‘काका, किती लिहू?’’ मामांनी घेणाऱ्याकडे पाहिलं, घेणाऱ्याने रायटरकडे. शेवटी सरकारी दराने जेवढं बसतं तेवढंच लिहिलं गेलं. उरलेली रक्कम कापडी पिशवीत होती, ती जीपमध्ये बसून मोजली. त्यात गैर काही आहे असं तिथे कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही. घेणाऱ्याचा मुद्रांक वाचला, मामांचं लग्नकार्य निघालं, रायटरला त्याची मजुरी मिळाली.

पुढे भूसंपादनाचे कागद वाचू लागलो तेव्हा कळलं, की त्या दिवशी आम्ही फक्त दोन एकरांची किंमत लिहिली नव्हती. शिवारात ज्यांना जमीन विकायचीच नव्हती, त्यांच्या जमिनीचा भावही आम्ही लिहून आलो होतो. कारण सरकार जमीन घ्यायला निघतं, तेव्हा भाव विचारायला ते शेतावर येत नाही, दस्त आणि दराची नोंदवही उघडतं.

आदिलाबाद शहराला लागून निजामाच्या काळातली एक धावपट्टी आहे. साडेतीनशेहून अधिक एकरांची ती जागा वर्षानुवर्षं विमानावाचून पडून राहिली. 2014 च्या सुमारास तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र करण्याचा विचार पुढे आला आणि खानापूर, अनुकुंटा, कचकंटी अशा भोवतालच्या गावांची जमीन लागणार, असं बोललं जाऊ लागलं. मागणी आधीच्या जागेच्या कितीतरी पट होती. शेतकऱ्यांनी विरोध केला. विषय थंडावला, पुन्हा उठला, पुन्हा थंडावला. 2025 मध्ये हवाई दल आणि नागरी विमानतळ मिळून या तळाचा विकास व्हावा, याला संरक्षण मंत्रालयाने होकार दिला, आणि आणखी सुमारे 700 एकरांच्या संपादनाचं काम राज्य सरकारने हाती घेतलं.

मी या तळाच्या विरोधात नाही. आमच्या पैनगंगेच्या दोन्ही काठच्या गावांतली पोरं फौजेत आहेत, आणि हैदराबादचा दवाखाना गाठायला रात्रभराचा रस्ता लागतो हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. देशाला तळ हवेत, त्याला सपाट जागा लागते, आणि ती कोणाच्या तरी शेतातूनच येणार. माझं म्हणणं एवढंच आहे, की संरक्षण हे साऱ्या देशाचं काम असेल, तर त्याची किंमत दोन-चार गावांच्या नोंदवहीतल्या खोट्या भावावर भागवून घेता येणार नाही. आजचा कायदा मात्र नेमकं तेच होऊ देतो, आणि गरज संरक्षणाची आणि तातडीची असली तर इतर तातडीच्या कामांपेक्षाही कमी देण्याची मुभा देतो.

आधी या नोंदवहीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्याच जिल्ह्यातून जाते. तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशात मुद्रांक शुल्क बुडू नये म्हणून प्रत्येक भागातल्या जमिनीचा एक मूळ दर ठरवून त्याची नोंदवही ठेवली जात असे. महाराष्ट्रात रेडी रेकनर म्हणतात त्याच जातीची ही गोष्ट. दस्तातली किंमत या दराहून कमी असली, तर शुल्क दरावर भरायचं. भूसंपादनाचा मोबदला ठरवताना याच नोंदवहीचा आधार घेता येईल का, हा प्रश्न आदिलाबादच्या महसूल विभागीय अधिकाऱ्याविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. 1994 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की घेता येणार नाही. नोंदवही शुल्कवसुलीसाठी केलेली आहे, तिला कायद्याचं अधिष्ठान नाही. बाजारमूल्य ठरवायचं तर राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यातले त्याच भागातले खरे व्यवहार पुराव्याने दाखवावे लागतील. पुढे देशभरच्या भूसंपादनाच्या दाव्यांत हा निवाडा आधाराला येत राहिला. गावच्या मराठी माणसाला त्याचा पत्ता नाही, पण वाढीव मोबदल्याच्या खटल्यांत आदिलाबादचं नाव वकिलांच्या तोंडी बसलं ते यामुळे.

त्या निवाड्यातला तर्क मला पटतो. कर लावण्यासाठी धरलेली किंमत आणि माणसाच्या हातून जमीन जाताना द्यायची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरपट्टी आकारताना ग्रामपंचायत घराचं जे करपात्र मूल्य धरते, त्या मूल्याला घर विकायला कोण तयार होईल? कर दरवर्षी थोडा थोडा द्यायचा असतो, म्हणून मूल्य कमी धरलेलं लोकांना परवडतं आणि मतांसाठी सरकारलाही. जमीन मात्र एकदाच जाते.

अडचण पुढच्या पायरीला आहे. न्यायालय म्हणालं, नोंदवही बाजूला ठेवा आणि खरे दस्त आणा. पण दस्तातली किंमत कशी लिहिली जाते, ते मी कडुनिंबाखाली पाहिलं होतं. रायटर नोंदवहीतला दर पाहून दस्त लिहितो, आणि सरकार दस्त पाहून नोंदवहीतला दर ठरवतं. एकाची खोटी साक्ष दुसऱ्याच्या कामी येते. दोन्ही कागदांवर सही-शिक्का आहे, आणि जीपमध्ये मोजलेले पैसे दोहोंतही कुठे नाहीत.

2013 चा नवा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला आणि त्याने ही नोंदवही पुन्हा आत घेतली, यावेळी कायद्याच्या कलमातून. कलम 26 सांगतं, की मुद्रांक कायद्याखालचा दर, किंवा मागच्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या सारख्या जमिनींच्या दस्तांची सरासरी, यांत जास्त असेल ते बाजारमूल्य धरा. सरासरी काढताना सगळे दस्त घ्यायचे नाहीत, सर्वांत जास्त किमतीचे निम्मे दस्त घ्यायचे. ग्रामीण भागात येणाऱ्या आकड्याला शहरापासूनच्या अंतरानुसार 1 ते 2 यांमधल्या गुणकाने गुणायचं. विहीर, झाडं, घर यांची किंमत त्यात मिळवायची आणि एकूण रकमेवर तेवढीच आणखी रक्कम दिलासा म्हणून द्यायची. 1894 च्या कायद्यात हा दिलासा 15 टक्के होता, 1984 मध्ये तो 30 झाला, आता 100 आहे. शंभर टक्के ऐकायला भरघोस वाटतं, आणि ज्यांनी हा कायदा केला त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण गुणाकार कशाचा करायचा, ते नोंदवहीच ठरवते.

समजा एका शिवाराचा सरकारी दर एकरी 2 लाख आहे आणि दस्तही त्याच दराने लिहिलेले आहेत. गुणक दीड धरला तर 3 लाख. दिलासा मिळवून 6 लाख. बातमी येते, सरकार तिप्पट मोबदला देणार. त्याच शिवारात काळ्या रानाचा बोलायचा भाव 15 लाख असेल, तर शेतकऱ्याच्या हातात निम्म्याहून कमी पैसे पडतात. त्या पैशात पुन्हा पाच-सहा कोसांच्या आत तेवढी जमीन घेणं शक्य नसतं, कारण घ्यायला निघालेल्या माणसाला बोलायचाच भाव द्यावा लागतो. ज्याने चार एकर गमावले तो दीड एकराचा मालक होतो, आणि कागदोपत्री त्याला बाजारमूल्याच्या तिप्पट पैसे मिळालेले असतात.

आणि तो सरकारी दर तरी कोण लिहितं? सरकारच. संयुक्त आंध्रात 2013 मध्ये दर सुधारले गेले. तेलंगण झाल्यावर पहिली सुधारणा 22 जुलै 2021 ला झाली, म्हणजे आठ वर्षांनी, आणि तेव्हा शेतजमिनीचा किमान दर एकरी 75 हजार ठरला. चांगली बैलजोडी त्याहून महाग मिळते. आठ वर्षं दर तसाच ठेवला म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही, असं वाटू शकतं. पण त्या काळात जिथे जिथे संपादनाची नोटीस निघाली, तिथे मोबदल्याची जोती त्या जुन्या दरावर उभी राहिली. कलम 26 मध्येच एक वाक्य आहे, की संपादन सुरू करण्याआधी कलेक्टरने त्या भागातल्या प्रचलित भावाप्रमाणे बाजारमूल्य सुधारून अद्ययावत करण्यासाठी सर्व ती पावलं उचलावीत. कायद्यातल्या सगळ्या कलमांत मला हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं, आणि अधिकाऱ्यांच्या तोंडून ते मी सर्वांत कमी ऐकलं आहे.

मामांनी कमी लिहिलं, ही चूक आमची आहेच. पण ज्यांनी कधी दस्तच केला नाही, त्यांचं काय? आमच्या गावांत तीन-तीन पिढ्या जमीन विकलेली नाही अशी घरं आहेत. त्यांच्या पूर्वजांचं नाव 1954-55 च्या खासरा पहाणीत आहे आणि आजही पासबुकावर त्याच घराचं नाव आहे. विकायची नाही म्हणून ज्याने जमीन राखली, त्याच्या जमिनीची किंमत विकणाऱ्यांच्या कागदावरून ठरते. ‘राजीखुशीने विकणारा’ हा कायद्यातला कल्पित माणूस या घरांतून शोधूनही सापडणार नाही.

यात काळाचाही एक घोळ आहे. तळाची चर्चा 2014 ला सुरू झाली आणि तिचा निकाल लागायला दहाहून जास्त वर्षं गेली. या काळात त्या गावांत जमीन घ्यायला कोण जाईल? ज्या जमिनीवर ‘जाणार’ अशी बोली लागली, तिला गिऱ्हाईक एकतर पडेल भावाने मागतो, नाहीतर येतच नाही. बँकेचा माणूस कर्ज देताना दोनदा विचार करतो. विहीर खोल करावी की नको, ड्रिप टाकावं की नको, घराला नवा मजला चढवावा की नको, या साध्या गोष्टी अडून बसतात. सरासरी काढायची ती नोटिशीआधीच्या तीन वर्षांची, म्हणजे नेमकी या सावलीतल्या वर्षांची. सरकारने जमीन मागितल्याने पडलेला भाव सरकारलाच मोबदला म्हणून द्यायला मिळतो. 1894 च्या कायद्याने संपादनाच्या हेतूमुळे वाढलेली किंमत मालकाला द्यायची नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. संपादनाच्या चर्चेमुळे पडलेली किंमत भरून द्यायची, असं तितक्याच स्पष्टपणे कोणीतरी सांगायला हवं होतं.

जिल्ह्याच्या एजन्सी, म्हणजे आदिवासी भागात, उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडे, प्रश्न आणखी बिकट होतो. तिथे 1970 च्या एक नंबरच्या विनियमाने आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही. हा विनियम हवाच, त्याच्याविना गोंड-कोलामांच्या हाती आज एक गुंठाही उरला नसता. पण त्यामुळे तिथे बाजारच नाही, आणि बाजारभावाचा प्रश्न येतो तेव्हा त्या जमिनीचा कागद कोरा निघतो. 2013 च्या कायद्याला हे सुचलं आहे: व्यवहारांवर कायद्याचं बंधन असेल तर लगतच्या भागातल्या सारख्या जमिनींवरून सरकारने किमान दर ठरवावा. लगतचा भागही एजन्सीचाच असेल, तर मग? ज्या बंधनाने आदिवासीची जमीन सावकारापासून वाचवली, त्याच बंधनाचा आधार घेऊन सरकारने ती स्वस्तात घेऊ नये, एवढं तरी लिहून ठेवायला हवं.

विमानतळाच्या जमिनीबद्दल बोलताना मला 1939 चा एक निवाडा नेहमी आठवतो. विशाखापट्टणमच्या बंदरात मलेरिया पसरू नये म्हणून सरकारने एका जमीनदाराची जागा घेतली. त्या जागेत गोड्या पाण्याचा झरा होता. ते पाणी विकत घेईल असा गिऱ्हाईक बंदराखेरीज जवळपास कोणी नव्हता, म्हणून झऱ्याची किंमत धरायची नाही, असा सरकारचा पवित्रा होता. प्रिव्ही कौन्सिलने तो नाकारला. एखाद्या जागेत विशेष गुण असेल आणि त्याचा उपयोग करू शकणारा एकटाच खरेदीदार असेल, तोही जमीन घेणारा सरकारी विभागच असेल, तरी त्या गुणाची किंमत मालकाला मिळाली पाहिजे, असं कौन्सिलने म्हटलं. आमच्या शिवाराचा गुण कोणता? मैल-मैल सपाट पसरलेली जमीन, डोंगर दूर, वर मोकळं आकाश. कापूस पिकवणाऱ्याच्या दृष्टीने तो काही वेगळा गुण नाही, पण धावपट्टीला त्यावाचून चालत नाही. हवाई दलाला तिथली जागा हवी झाली ती या गुणासाठी. मग तिची किंमत ठरवताना ते कापसाचं साधं रान कसं होतं?

आता तो मुद्दा, ज्याचा मला सर्वांत राग येतो. 2013 च्या कायद्यातलं कलम 40 तातडीच्या संपादनाचं आहे. देशाचं संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती, अशा मोजक्या प्रसंगीच ते वापरता येतं. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास वगळता येतो, हरकती ऐकण्याची पायरी गाळता येते, 80 टक्के रक्कम देऊन ताबा घेता येतो. माणसाला घाईने उठवायचं तर त्याला जास्त द्यावं, म्हणून त्याच कलमात मोबदल्यावर आणखी 75 टक्के देण्याची तरतूद आहे. आणि तिच्या खाली एक परंतुक आहे: प्रकल्प भारताच्या सार्वभौमत्वाशी, अखंडतेशी, सुरक्षेशी किंवा सामरिक हिताशी संबंधित असेल, तर ही जादा रक्कम देण्याची गरज नाही. म्हणजे तातडीचं कलम मुख्यतः संरक्षणासाठी, आणि तातडीचा मोबदला संरक्षण सोडून इतरांसाठी. पुरानंतर गाव वसवायला ज्याची जमीन घाईने घेतली त्याला 75 टक्के जास्त, आणि धावपट्टीसाठी घाईने घेतली त्याला नाही. तेलंगणाने आपल्या 2017 च्या दुरुस्तीत आणखी भर घातली. संरक्षणाच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याची वाट त्या दुरुस्तीने राज्याला मोकळी करून दिली.

फौजेसाठी घेतलेल्या जमिनीला कमी द्यायचं, हा विचार नवा नाही. जागा अधिग्रहित करण्यासाठी 1952 मध्ये जो कायदा झाला, त्याखाली सैन्यासाठी घेतलेल्या जमिनीला दिलासा रक्कमही नव्हती आणि व्याजही नव्हतं. 1990 च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. शेजारच्या शेताला 1894 च्या कायद्याने दिलासा मिळायचा, या शेताला नाही, कारण हे फौजेने घेतलं. देशाचं नाव आलं की शेतकऱ्याने कमी मागावं, ही अपेक्षा आपल्या कायद्यांत इतकी मुरली आहे, की ती आपल्याला दिसेनाशी झाली आहे.

2016 मध्ये सरकारने 36 राफेल विमानं घ्यायचा करार केला, सुमारे 59 हजार कोटींचा. ते बरोबरच होतं, विमानं हवी होती. त्या करारात विमान बनवणाऱ्याला, संरक्षणाचं काम आहे, किंमत आमच्या नोंदवहीतून धरू, असं कोणी म्हटलं नाही. पोलाद, इंधन, रडार, डांबर, सिमेंट, सगळं चालू भावाने घेतलं जातं. तळासाठी लागणाऱ्या वस्तूंपैकी फक्त जमीन देणाऱ्याला त्याचा भाव सांगता येत नाही. जो सर्वांत जास्त गमावतो, त्यानेच देशासाठी सूट द्यावी?

खजिन्यावर भार पडेल, हे मला मान्य आहे. जास्त मोबदला लागला तर जमीन कमी मागितली जाईल, हेही खरं, आणि ते चांगलंच होईल. जमीन स्वस्त पडते तेव्हा गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. आमच्याच शहराजवळचा सिमेंट कारखाना घ्या. सरकारी कंपनीने शेतजमिनी घेऊन तो उभारला, 1990 च्या दशकात तो थांबला, आणि त्याच्या चिमण्या पाहत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. दुसरी हरकत जास्त वजनाची आहे. लोक म्हणतात, भाव वाढवला तर शेतकऱ्याला नव्हे, आधीच कमी भावात घेऊन बसलेल्या शहरातल्या माणसाला फायदा होईल. हे होतं, मी पाहिलं आहे. पण त्यावर उपाय नोंदवहीच खरी करणं हा आहे. दर खरा असला तर घेणाऱ्याला खऱ्या रकमेवर शुल्क भरावं लागेल, पिशवीतला पैसा दस्तात येईल, आणि बातमी आधी कळलेल्या माणसाचा नफा तिथेच कापला जाईल. खोटा भाव ठेवून सटोडियाला रोखता येत नाही. आज त्या भावाने त्याचाच धंदा चालतो.

तळाच्या कुंपणाबाहेरही नुकसान होतं आणि त्याची गणती तर कुठेच नसते. 1903 चा एक जुना कायदा आहे, संरक्षणाच्या ठिकाणांभोवती बांधकामावर बंधन घालणारा. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा ‘रेड झोन’ पिंपरी-चिंचवडकरांना तोंडपाठ आहे: 2000 यार्ड, त्यात निगडी, तळवडे, किवळ्याच्या हजारो घरांचे कागद अडकलेले. लोहगावच्या हवाई तळाच्या भिंतीपासून 100 मीटरपर्यंत बांधता येत नाही. 1903 च्या कायद्याने बंधन घालायचं तर घोषणा करावी लागते, नुकसानीची चौकशी करून मोबदला द्यावा लागतो. पण 2011 नंतर बरीच बंधनं संरक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांवरून, ना-हरकत दाखल्याच्या रूपाने आली. परिपत्रकाला मोबदला नसतो. जमीन तुमचीच राहते, कर तुम्हीच भरता, फक्त तिच्यावर काही करता येत नाही.

नगरजवळच्या के. के. रेंजची, म्हणजे खारे कर्जुनेच्या सरावक्षेत्राची गोष्ट तर याहून लांबलेली. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या 23 गावांची जमीन 1938 च्या सरावाच्या कायद्याखाली अधिसूचित होत राहते. मालकी शेतकऱ्याची, पण गोळीबाराच्या दिवशी शेत फौजेचं. त्यांतले काही लोक मुळा धरणाने आधीच एकदा उठवलेले. जमीन पुरती घेतली जाईल अशी हूल उठली की सगळे व्यवहार थांबतात, हूल विरली की अर्धेच सुरू होतात. अनुकुंटा-खानापूरकरांनी एकदा राहुरीला जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलावं असं मला फार वाटतं. तळाच्या आत गेलेल्या जमिनीचा निवाडा निदान कधीतरी होतो. भिंतीला लागून राहिलेल्या शेताची नोटीसच निघत नाही.

गावाच्या तिजोरीचंही तेच. राज्यघटनेच्या कलम 285 ने केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. घरं होती तोवर ग्रामपंचायतीला घरपट्टी होती. त्याच जागी कोट्यवधींचे हँगर आणि क्वार्टर्स उभे राहिले, की करपात्र मूल्य शून्य. शहरांनी यावर झगडून थोडं मिळवलं. 2009 मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर ठरलं, की केंद्र सरकार कर नाही पण सेवाशुल्क देईल, सेवा किती वापरतं त्याप्रमाणे मालमत्ता कराच्या 75, 50 किंवा 33⅓ टक्के. महापालिकेजवळ वकील असतात. ज्या पंचायतीचा रस्ता तळाच्या डंपरने उखडला जाणार आहे, तिलाही ही रक्कम पहिल्या दिवसापासून, मागावी न लागता मिळावी.

कलेक्टरने पहिली नोटीस काढण्याआधी गावाचा दर सुधारावा, आणि तो सुधारताना ग्रामसभेत नोंदवही मोठ्याने वाचून दाखवावी, ही माझी पहिली मागणी. मराठीतून वाचावी, तेलुगूतून वाचावी, गोंडीतून वाचावी. चर्चा सुरू झाली त्या वर्षाच्या आधीची तीन वर्षं धरावीत आणि मधल्या काळाचं व्याज त्यावर लावावं. कलम 40 मधलं परंतुक संसदेने काढून टाकावं. कुंपणाबाहेर बंधन घालायचं तर 1903 च्या कायद्याची रीतसर घोषणा करूनच घालावं.

आणि एका माणसाकडे लक्ष ठेवावं, कारण तो कोणत्याच नोंदवहीत नाही. आमच्याकडे मक्त्याने आणि बटाईने शेत करणारे पुष्कळ आहेत, आणि वर्षाच्या बोलीवर राबणारे सालदारही. 2013 चा कायदा त्यांना बाधित कुटुंब मानतो, पण तीन वर्षं त्या भागात काम केल्याचं त्यांनी दाखवायला हवं. तेलंगणात जमिनीच्या नोंदींचं धरणी पोर्टल आलं, त्याच्या जागी 2025 मध्ये भू भारती आली, पण मक्तेदाराची नोंद दोहोंत झाली नाही. माझ्या मामांचं उरलेलं शेत गेली सहा वर्षं एक जण बटाईने करतो. बांधावरची तूर त्याने लावली, विहिरीतला गाळ त्याने काढला. तीन वर्षांचा पुरावा म्हणून तो काय दाखवील? त्याच्याजवळ एकच कागद असतो, आदिलाबादच्या कापूस बाजारातली काटापावती, आणि तीही पासबुकवाल्याच्या, म्हणजे मामांच्या नावाने निघते.